हेपॅरिन-कोटेड बायपास पॅक : पैसे कुठे वसूल, कुठे पाण्यात

मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर सर्जिकल डीलरकडे हार्ट-लंग मशीनचा पॅक, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त शरीराबाहेर फिरवणाऱ्या नळ्यांचा संच, मागितला की प्रश्न येतो, "साधा देऊ की कोटेड?" कोटेड म्हणजे आतून हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) किंवा तसाच थर दिलेला. उत्तर देण्याआधी उलट विचारा, कोटिंग कशाकशावर आहे? ‘कोटेड’ लिहिलेल्या पाकिटातून कधी कधी फक्त नळ्याच कोटेड निघतात. ऑक्सिजनेटर, म्हणजे रक्तात ऑक्सिजन घालणारं कृत्रिम फुफ्फुस, वेगळा घ्यायचा असतो, आणि तो साधाच गळ्यात पडतो.

जरा हिशोब करू. अर्ध्या इंची नळीचा आतला पृष्ठभाग मीटरमागे साधारण ४०० चौरस सेंटिमीटर, ३/८ इंचीचा ३००. रुग्णाकडून रक्त आणणारी व्हीनस लाइन (अर्धा इंची) आणि परत नेणारी आर्टेरियल लाइन (३/८ इंची) दीड-दीड मीटर धरली तरी सगळं मिळून जेमतेम ०.१ चौरस मीटर. मोठ्या माणसाच्या ऑक्सिजनेटरमधल्या पोकळ तंतूंचा पृष्ठभाग २ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे वीसपट. नळ्या कोटेड आणि तंतू उघडे, म्हणजे दाराला कुलूप आणि मागची भिंतच नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी ऑक्सिजनेटर कोटेड घ्या आणि नळ्या आखूड करा. अर्ध्या इंची नळी मीटरभर कमी केली तर प्राइम (सर्किट आधी भरून ठेवायचा द्रव) १२५ मिलीच्या वर वाचतो, तो फायदा फुकटचा.

आता कोटिंगबद्दल. नळीच्या उघड्या पीव्हीसी प्लास्टिकला रक्त लागलं की काही सेकंदांत त्यावर प्रथिनं बसतात. त्यातल्या फायब्रिनोजेनला प्लेटलेट चिकटतात, आणि फॅक्टर बारा हे रक्तातलं प्रथिन जागं होऊन गोठण्याची साखळी सुरू करतं. हे थोपवायला बाजारात तीन तऱ्हा आहेत, आणि डीलर तिन्हींना एकाच दमात ‘कोटेड’ म्हणतो.

पहिली तऱ्हा विद्युतभारावर चिकटवलेल्या हेपॅरिनची. १९६३ साली हृदयशल्यविशारद व्हिन्सेंट गॉट आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटवर बेन्झाल्कोनियम हे धनभारित रसायन आणि त्यावर हेपॅरिन बसवलं, तिथून ही वाट सुरू झाली. हेपॅरिन ऋणभारित असल्यामुळे धनभारित थरावर छान बसतं, पण वाहत्या प्लाझ्मात हळूहळू सुटतं. दोन-तीन तासांच्या केसला चालेल, दिवसच्या दिवस चालणाऱ्या एक्मोला (अतिदक्षता विभागात हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या यंत्राला) घेऊ नका.

दुसरी रासायनिक बंधाची. लार्म आणि सहकाऱ्यांची ही १९८३ ची पद्धत: नायट्रस आम्लाने हेपॅरिन तोडून टोकाला अल्डिहाइड तयार करायचा आणि पृष्ठभागावरच्या पॉलिएथिलीनइमाइन या पॉलिमरच्या अमाइन गटाला तो जोडायचा. रेणू एका टोकाने पक्का, बाकीचा मोकळा डोलता. त्यामुळे अँटिथ्रॉम्बिन (गोठणं रोखणारं रक्तातलं प्रथिन) धरणारी जागा दबत नाही. जास्तीचे पैसे द्यायचेच तर याला द्या.

तिसरीत हेपॅरिन नसतंच. फॉस्फोरिलकोलिनसारखे थर पेशीच्या बाहेरच्या पडद्याची नक्कल करतात. हेपॅरिनमुळे प्लेटलेटची संख्या कोसळण्याचा त्रास असलेल्या रुग्णाला हीच घ्यायची. त्याच्यासाठी हेपॅरिन-कोटेड पॅक फोडायचासुद्धा नाही.

लॉट मोठा असेल तर एक पॅक तपासणीसाठी बाजूला काढा, खर्च वाया जात नाही. आर्टेरियल, व्हीनस आणि पंपाच्या बूटचे (पंपाच्या रोलरखाली येणाऱ्या नळीच्या भागाचे) दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापून उभे चिरा. शेजारी साध्या पीव्हीसीचा एक तुकडा तुलनेसाठी हवाच. ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ०.२ टक्के मीठ आणि ०.००५ टक्के टोल्युइडीन ब्ल्यू हा रंग घालून त्यात तुकडे दोन मिनिटं बुडवा आणि डिस्टिल्ड पाण्याने धुवा. हेपॅरिन असेल तिथे निळा रंग जांभळ्याकडे झुकतो, साधा तुकडा जवळजवळ पांढराच राहतो. जांभळ्यात मध्येच फिकट पट्टा दिसला तर कोटिंगच्या वेळी तिथे हवेचा बुडबुडा अडकला असावा. तुकड्यांचा दुसरा संच सायट्रेटेड (गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या) प्लाझ्मात ३७ अंशांवर २४ तास हलत ठेवून मग रंगवा. विद्युतभारावर बसलेला थर इथे फिका पडतो, बंधाचा टिकतो. मात्र हा रंग हेपॅरिन आहे एवढंच सांगतो, ते काम करतं का हे नाही. सल्फोनेट असलेल्या थरालाही तो धरतो. आणि फॉस्फोरिलकोलिनचा पॅक जांभळा झाला नाही म्हणून डीलरशी भांडू नका.

काही ठिकाणी मात्र कुठलंही कोटिंग फिकंच पडतं. रोलरखालचा बूट दर फेरीला दाबला जातो, तिथे थर घासला जाणारच. छातीतून सक्शनने ओढलेलं रक्त हवेत घुसळून आलेलं असतं, ते नळीत येण्याआधीच बिघडलेलं. आणि पंप थांबवून रक्त साचू दिलं तर कोटेड नळीतही गुठळी होते.

‘कोटेड आहे, हेपॅरिन कमी चालेल’ हा सल्ला विक्रेत्याकडून येतो. ऐकू नका. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन आणि एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) ४८० सेकंदांच्या वर, हे नेहमीचं गणित कोटिंगसाठी बदलायचं नाही.

साठवणीबद्दल मुंबईकरांनी जास्त कटकट करावी. मे महिन्यात तापलेल्या पोटमाळ्यावर आणि जुलैत ओल आलेल्या जमिनीवर ठेवलेले खोके नको म्हणा. खोक्याला बुरशीचा डाग दिसला तर आतल्या पाकिटाची शिवण उजेडासमोर धरून पाहा. ती सुटलेली असेल तर पॅक परत. पुन्हा निर्जंतुक करून वापरायची युक्ती इथे चालत नाही. वाफेने पीव्हीसी मऊ पडून वाकतं, किरणांनी हेपॅरिनचे तुकडे होतात. एथिलीन ऑक्साइड वायूमध्ये एकदा वापरलेल्या नळीतली प्रथिनं निघत नाहीत, ती त्याच थरावर बसून राहतात.

कोटेशन मागताना ‘कोटेड पॅक’ असा एकच शब्द घेऊ नका. ऑक्सिजनेटर, रिझर्व्हॉयर (रक्त साठवणारी टाकी), आर्टेरियल फिल्टर, नळ्या, बूट, पॉलिकार्बोनेटचे कनेक्टर आणि कॅन्युला (रक्तवाहिनीत किंवा हृदयात घालायची नळी), प्रत्येकासमोर कोटिंगचा प्रकार लिहून घ्या. कॅन्युलासमोरची जागा बहुतेक वेळा रिकामी येते.