नवीन पायलटसाठी स्वस्तातली फ्लाइट बॅग: धारावीची लेदर बॅग कशी निघाली

टाइप रेटिंगचं (एका ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचं) कर्ज डोक्यावर असताना बाहेरून पायलट केस मागवायची काहीएक गरज नाहीये, हे आधीच सांगून टाकते. ब्राइटलाइन, लगेजवर्क्स यांच्या बॅगा भारी असतात, वादच नाही, पण शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरली की किंमत कुठल्या कुठे जाते. आणि जुने कॅप्टन ज्या चौकोनी कडक पेट्या ओढत न्यायचे त्या जेपसन कंपनीच्या चार्टचे, म्हणजे उड्डाणाच्या नकाशांचे, जाडजूड बाइंडर आणि मॅन्युअल्स मावायला होत्या, आता ते सगळं आयपॅडवर आलंय, मग एवढी पेटी घेऊन त्यात भरणार काय? आयपॅड, हेडसेट, लायसन्स, मेडिकल सर्टिफिकेट, पासपोर्ट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, टॉर्च, पॉवर बँक, चष्मा असेल तर जादाचा चष्मा (मेडिकलवर तशी अट लिहिलेली असते), आणि घरून निघताना आई कोंबते तो डबा. झालं.

मी धारावीतून घेतली, सायन-बांद्रा लिंक रोडवर लेदरची दुकानं आहेत ना तिथून, काळी, वरून उघडणारी, साडेतीन हजाराच्या आत. सांगितलेला भाव अर्थातच बराच जास्त होता, उठून दोन दुकानं पुढे गेलं की आपोआप उतरतो. वरून उघडणारीच घ्या हे माझं ठाम मत आहे कारण एअरबस ३२० मध्ये सीटच्या बाहेरच्या बाजूला बॅग ठेवायला जागा असते, तिथे बॅग उभी राहिली पाहिजे आणि बेल्ट लावलेला असताना एका हाताने उघडता आली पाहिजे, बॅकपॅक तिथे नुसती लोळते आणि हवी ती वस्तू नेमकी तळाशी. ही मस्त उभी राहते. एटीआरवाल्यांनी (पंख्यांचं छोटं विमान) मात्र जरा सडपातळ बघा, तिथलं कॉकपिट आणखी आवळ.

चाकांची बॅग मुद्दाम नाही घेतली. स्वस्त ट्रॉलीची चाकं पेव्हर ब्लॉकवर खडखड करत आधी मरतात आणि दांडा आतली अर्धी जागा खातो. त्यापेक्षा मागे पट्टा असलेली घ्यायची आणि ले-ओव्हरच्या (बाहेरगावी मुक्कामाच्या) सुटकेसच्या दांड्यात अडकवायची, माझ्या बॅगेला तो पट्टा नव्हता, दुकानदाराने समोरच कारागिराकडून शिवून दिला, हे ऑनलाइन कोण करून देणार.

आता वाईट. चेन एकदम रद्दी, रनर थोड्याच दिवसांत अडकायला लागला, अंधेरी स्टेशनबाहेरच्या रिपेअरवाल्याकडून वायकेके ब्रँडची चेन टाकून घेतली तेव्हा कुठे जीवात जीव आला. आणि लेदर म्हटलं की पावसाळ्यात बुरशी, कपाटात बंद करून ठेवलीत तर पांढरी पडणारच, कोरड्या फडक्याने पुसून हवेवर ठेवा. तेवढी उस्तवार नको असेल तर सरळ बॅलिस्टिक नायलॉनची (जाड, मजबूत कापडाची) घ्या.

दुकानात आयपॅड आणि हेडसेटची केस घेऊनच जा, आत घालून बघा, आयपॅड १२.९ इंची असेल तर हमखास कोपरा अडकतो. पॉवर बँकेला बाहेरचा कप्पा हवाच, २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, विमानातल्या १०० च्या मर्यादेत बसते, पण चेक-इन सुटकेसमध्ये चालत नाही म्हणून पॅसेंजर म्हणून जातानाही ती याच बॅगेत. सोनेरी अक्षरांत नाव फुकट छापून देतो म्हणतात, मी फक्त आद्याक्षरं घातली, कारण क्रू बसमध्ये सगळ्यांच्याच बॅगा काळ्या असतात.

पाचपैकी साडेतीन, चेन बदलल्यावर चार.