९०,१३९ रुपयांच्या गोळ्या आणि डबीवरची ती एक ओळ

भावाचा मानसिक आजार व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी बरा करायच्या नादात किती गेले, तो आकडा आधी सांगते, कारण तोच रात्री झोपू देत नाही. नव्वद हजार एकशे एकोणचाळीस. वेबिनार ९९, कन्सल्टेशन २,५००, केसांची मिनरल टेस्ट ७,८००, लघवीची टेस्ट ४,२००, तीन महिन्यांचं पॅकेज ४८,५००, 'बूस्टर' पॅकेज २६,५००, कुरियरचे १८० प्रमाणे तीन वेळा ५४०. दवाखान्याचे १,१६,४०० यात नाहीत, तो हिशोब वेगळा. आणि मी काम काय करते? सांगलीत एका सीएच्या ऑफिसात चौदा वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासते. हसा खुशाल.

माझा धाकटा भाऊ, वय २९, बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति चढतं, कधी पार खचतं. चार वर्षं लिथियमवर, म्हणजे मन ताळ्यावर ठेवणाऱ्या औषधावर होता आणि बरा होता. 'बरा होता' हे आता म्हणतेय, तेव्हा मला फक्त त्याचे हात दिसायचे. तो हळदीच्या अडतीवर पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या लिहायचा. लिथियमने हात थरथरायचा, पट्टीवरचा आकडा नागमोडी यायचा, चहाची कपबशी खडखडायची, आणि तिथली पोरं त्याला व्हायब्रेटर म्हणायची. वजन १४ किलोने वाढलेलं. डॉक्टरांकडे जायचं तर दीड तास नंबर आणि आत चार मिनिटं, त्यातली दोन चिठ्ठी लिहिण्यात. हे मी सबब म्हणून सांगत नाही. बरं, सबब म्हणूनच सांगतेय. ज्याच्या घरात हे आहे त्याला कळेल की कुणीतरी पन्नास मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं की माणूस कसा विरघळतो.

वेबिनार घेणाऱ्या त्या 'सरांनी' पन्नास मिनिटं ऐकलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, ग्रुप, रोज सकाळी कुणाचातरी अनुभव, 'या बॅचला बाराच जागा', तेच सगळं. मी अशा भामट्यांना ओळखते असं मला वाटायचं. पण हा माणूस खोटं बोलत नव्हता हो, अर्धं खरं बोलत होता, आणि तिथेच मी गेले. त्याने लायनस पॉलिंगचा फोटो दाखवला, दोन नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ, १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याने व्हिटॅमिनने मानसिक आजार सुधारण्याबद्दल लिहिलेलं. खरं आहे. कॅनडात १९५०च्या दशकात डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना नायसिन म्हणजे बी-३ चे मोठे डोस दिले. तेही खरं. मग म्हणाला, तुमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी ना? हैदराबादच्या पोषण संस्थेतल्या डॉ. गोपालन यांनी दाखवलंय की दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा, त्यात माणूस भ्रमिष्टासारखा वागतो आणि नायसिनने बरा होतो. अगदी खरं! आमच्या पोळपाटावरच बोट ठेवलं त्याने. आईने त्या दिवसापासून भाकरी बंद केली, आमच्या घरात!

१९७३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समिती नेमून हे सगळं तपासलं आणि या मोठ्या डोसच्या दाव्यांना पुरावा नाही असं सांगितलं, ती स्लाइड त्याच्याकडे नव्हती. आणि पेलाग्रा हा कमतरतेचा आजार आहे, भरून काढलं की माणूस उभा राहतो. माझ्या भावाला कमतरता होती का, हे कुणी बघितलंच नव्हतं. आमच्याकडे भाकरीबरोबर आमटी, दूध, शेंगदाणे, अंडी, आठवड्याला मटण. कसला पेलाग्रा?

लघवीची जी टेस्ट केली तिला 'पायरोल' म्हणतात. रिपोर्टमध्ये लाल अक्षरात 'हाय'. म्हणजे म्हणे शरीरातलं झिंक आणि बी-६ वाहून जातंय. नंतर भावाच्या डॉक्टरांना दाखवला तर त्यांनी कागद उलटा करून मागे लिहायला घेतला, एवढीच त्याची किंमत. ग्रुपमध्ये मी ज्या नऊ जणांना विचारलं त्या नऊच्या नऊ जणांचा 'हाय' होता. हे पण मी नंतर विचारलं. आधी विचारायला तोंड नव्हतं का मला?

आता ती गोष्ट.

पहिलं पार्सल २२ जूनला, २०२४, शनिवारी आलं. सात डब्या. आई देवापुढे ठेवून आली, हळदकुंकू वाहिलं. भाऊ एक डबी हातात घेऊन फिरवत बसला, त्याला बारीक अक्षर वाचायची सवय, आणि म्हणाला, "ताई, यावर नॉट फॉर मेडिसिनल यूज लिहिलंय. म्हणजे औषध म्हणून वापरायचं नाही ना?"

मी काय म्हणाले माहितीये? "अरे, ते सरकारसाठी लिहावं लागतं. सगळ्यांवर असतं."

ज्याला सगळं गाव वेडा म्हणतं त्याने बरोबर वाचलं, आणि शहाणीने त्याला गप्प केलं. तो गप्प बसला, कारण चार वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याला हेच शिकवलंय की तुला कळत नाही, ताईला कळतं.

आणि फक्त डबी नाही. बिल माझ्या हातात होतं. एचएसएन कोड, म्हणजे माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा, २१०६, जीएसटी १८ टक्के. २१०६ म्हणजे खाद्यपदार्थ. औषधाच्या गोळ्या ३००४ मध्ये येतात, हे मला झोपेत उठवून विचारा. मी तो कोड वाचला, डोक्यात 'फूड सप्लिमेंट' असं आलं, आणि बिल फाइलला लावलं. डबीवर औषधाचं लायसन्स नव्हतं, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षावाल्यांचा चौदा आकडी नंबर होता, जो फरसाणाच्या पाकिटावर असतो. फरसाणाच्या लायसन्सवर मी भावाचा मेंदू दुरुस्त करायला निघाले होते.

डोस: नायसिन दिवसाला ३ ग्रॅम. माणसाला लागतं १५ मिलीग्रॅमच्या आसपास. गोळी घेतली की वीस मिनिटांत त्याचा चेहरा, मान, छाती लालभडक, अंगाला आग आणि खाज. ग्रुपवर विचारलं तर 'हीलिंग रिअ‍ॅक्शन आहे, अभिनंदन' आणि पाच फुलं. बी-६ एका डबीत २०० मिलीग्रॅम, 'मूड सपोर्ट'मध्ये १००, मॅग्नेशियमच्या डबीत अजून १००, तिथे बी-६चंच नाव पायरिडॉक्सिन, म्हणून लक्षात येत नाही. बेरीज ४००. रोजची गरज दोनेक मिलीग्रॅम, आणि अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा १००, युरोपात तर २०२३ पासून फक्त १२. दिवसभर कॉलमच्या बेरजा मारणाऱ्या बाईने हा तीन ओळींचा कॉलम कधी मारला नाही.

तिसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, आता लिथियम 'हळूहळू' कमी करू. हळूहळू म्हणजे बारा दिवसांत शून्य. डॉक्टरांना सांगू नका, ते घाबरवतात. हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं ना, की ज्याने गोळी लिहून दिली तो नसताना दुसराच कुणी ती कमी करायला सांगतोय, तर तिथल्या तिथे फोन ठेवा. नंतर विचार करा. लिथियम असं पटकन सोडलं की आजार उसळून येतो, हे मला पहिल्याच वर्षी सांगितलेलं होतं, मी वहीत लिहूनही ठेवलेलं.

जुलै संपता संपता हात थरथरायचा थांबला. पट्टीवरचे आकडे सरळ. पोरगा हसायला लागला, पहाटे चारला उठून अंगण झाडायचा, आईला म्हणायचा चल तुला पंढरपूरला नेतो, आत्ता. आम्ही रडलो आनंदाने. सरांनी व्हिडिओ मागितला, पुढच्या पॅकेजवर २,००० सवलत, म्हणजे २८,५०० चं २६,५०० ला. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी व्हिडिओ दिला. 'माझा भाऊ मला परत मिळाला' असं त्यात मी म्हणतेय. तो बरा होत नव्हता, चढत होता. मॅनिया, म्हणजे या आजारातला तो चढ, कसा सुरू होतो हे मी आधी दोनदा बघितलंय, या घरात, या डोळ्यांनी.

गणपतीत फुटलं. मंडळाला ५१ हजारांची वर्गणी बोलला, अडतीवर मालकाच्या अंगावर गेला, चार रात्री डोळ्याला डोळा नाही. अकरा दिवस अ‍ॅडमिट. तिथे डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली, घरात अजून काय काय चालू आहे, सगळ्या डब्या आणा. लिव्हरचे आकडे वाढलेले. आणि पायाला मुंग्या, त्या ऑगस्टपासूनच होत्या. चालताना चप्पल पायातून निसटून रस्त्यात पडायची आणि याला दहा पावलं पत्ता नसायचा. सरांचं उत्तर होतं, 'नर्व्ह जाग्या होतायत'. जाग्या कसल्या, बी-६ जास्त झालं की नसाच मरगळतात, आणि हे १९८३ पासून डॉक्टरांना ठाऊक आहे. नसांची टेस्ट ३,२०० रुपये. आता सुधारतंय, पण डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत.

कुणी म्हणेल व्हिटॅमिन वाईट का? नाही हो. बी-१२ कमी असेल तर डोकं खरंच बिघडतं, शाकाहारी लोकांनी जरूर तपासून घ्या, भावाचंही त्यांनी तिथे तपासलं. पण आधी टेस्ट, मग डोस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बंद. ते ६० हजार युनिटचं डी जे आठवड्यातून एकदा देतात, ते ग्रुपवर एक काकू रोज घेत होत्या. त्याने रक्तात कॅल्शियम चढतं, किडनीवर येतं, आणि लिथियमवाल्या माणसाची किडनी बिघडली की लिथियम रक्तात साठतं. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीची कॅप्सूल 'नैसर्गिक' म्हणून विकतात, ती बऱ्याच औषधांशी भांडते. घरातल्या डब्यांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, ओरडले तर ओरडू देत.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसात गेले तर साहेब म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, माल आलाय, बिल आहे, फसवणूक कुठंय? मी म्हटलं रोग बरा करतो म्हणून विकलं. म्हणाले, मग ते औषधवाल्यांकडे. औषधवाल्यांकडे गेले तर डबी बघून, हे आमचं नाही, हे अन्नात येतं. अन्नवाले म्हणाले, डबीवर स्पष्ट लिहिलंय नॉट फॉर मेडिसिनल यूज, लेबल नियमात आहे, डोस त्या माणसाने तोंडी सांगितला ते आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे तीच ओळ! जी माझ्या भावाने वाचली, तीच आता त्या माणसाची ढाल! १९५४ चा कायदा आहे, औषधांच्या आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा, त्याच्या यादीत मानसिक आजार आहे, मी प्रिंट काढून नेली. टेबलापलीकडच्या माणसाने ती स्टेपल करून दिली परत. सात चकरा, चार अर्ध्या दिवसाच्या रजा, रिक्षाचे ६४०. पाच महिन्यांनी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' काय निकाल लागला ते मेसेजमध्ये नाही. एकाने तर आईला विचारलं, मुलगा वेडा आहे तर सही कुणाची चालेल? आई अजून त्या रस्त्याने जात नाही.

ग्राहक आयोगात टाकलंय. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील नसला तरी चालतं. पण ग्रुपमधून काढून टाकायच्या आत स्क्रीनशॉट घ्या, मी चोवीस तास उशीर केला आणि लिथियम बंद करायला सांगितलेले सगळे मेसेज गेले. त्यांनी ते सगळ्यांसाठी डिलीट केले, माझ्याकडे फक्त फुलं उरली. आणि रात्री-बेरात्री घाबरायला झालं तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, माणूस बोलतो. मला हा नंबर सप्टेंबरमध्ये कळला.

भाऊ परत लिथियमवर आहे. अडतीवर परत घेतलं, मालक भला निघाला. कपबशी खडखडते.

व्हिडिओ मात्र अजून फिरतोय. तीनदा काढा म्हणून सांगितलं. मागच्या महिन्यात इचलकरंजीहून एका बाईंनी माझा नंबर शोधून फोन केला, मुलगी २२ वर्षांची, व्हिडिओ बघून ४८,५०० भरले होते त्यांनी, फक्त विचारत होत्या की भाऊ आता कसा आहे. व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. मागे तुळशीवृंदावन, हिरवी साडी, बाई हसतेय आणि मधेच डोळे पुसतेय. ती मी आहे. तिचं ऐकू नका.