तंबू की पथारी? शनिवारी दुपारी ठरणाऱ्या मुक्कामांसाठी

आधी हे कोणासाठी आहे ते सांगतो. महिनाभर आधी ठरवून, गट जमवून, बस करून जाणाऱ्यांसाठी हे नाही. शनिवारी दुपारी दोनला काम संपतं, जेवताना मनात येतं आणि चार वाजता गाडीला किक मारलेली असते, त्यांच्यासाठी आहे. जायचं घरापासून तास-दीड तासाच्या आत आणि रविवारी दहाच्या आत परत, कारण मटणाच्या रांगेत उभं राहायचं असतं. मी साताऱ्याचा, त्यामुळे उदाहरणं वाई, भोर, पाटण, जावळी याच टापूतली येतील. नाशिक किंवा जुन्नरकडच्यांनी आपापली नावं घालून वाचावं.

प्रश्न असा, की अशा मुक्कामासाठी स्वतःचा तंबू घ्यावा, की कॅरीमॅट (गुंडाळून नेता येणारी फोमची चटई), स्लीपिंग बॅग आणि एक मच्छरदाणी एवढ्यावर देवळात, ओसरीत, शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकावी? पवनेच्या काठावर पैसे भरून मिळतात ते आयते तंबू मी यात धरलेले नाहीत. तिथे रात्री जे काही वाजतं त्याला मुक्काम म्हणायचं की वरात, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी दोन्ही केलंय. तंबू आधी घेतला, दोन माणसांचा, साधारण तीन किलोचा. चार हिवाळे वापरला. त्याच्याबद्दल चांगलं बोलायला माझ्याकडे भरपूर आहे.

पहिली गोष्ट, तंबू असला की कोणाला काही विचारावं लागत नाही असं वाटतं. हा अर्धा भ्रम आहे. वनखात्याच्या जमिनीवर परवानगी लागते, कोयनेच्या अभयारण्यात तर मुक्कामाचा विषयच नाही (वासोट्याला गेलेल्यांना ठाऊक असेल, संध्याकाळच्या आत होडीने परत बामणोली), काही गडांवर पुरातत्त्व खात्याने रात्री राहायला मनाई केली आहे आणि कासच्या पठारावर खुंटी ठोकण्याचा विचार करणाऱ्याला मी गाडीवरून उतरवीन. म्हणजे शेवटी उरतं ते कोणाचं तरी रान आणि त्याच्या मालकाला विचारावंच लागतं. पण एकदा विचारलं की पुढे तुम्ही आणि तुमच्या तंबूच्या दाराची चेन. दार ओढलं, संपलं. बरोबर बायको, मुलगी, बहीण असेल तर या चेनची किंमत मोठी आहे. कपडे बदलायला, निर्धास्त झोपायला. इथे पथारी तंबूची बरोबरी करू शकत नाही, उगीच ओढून-ताणून करायचीही नाही.

दुसरी गोष्ट विंचू-सापांची. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. चावा इतका बारीक, की पुष्कळदा कळतही नाही. तंबूचा तळ भिंतींना शिवलेला असतो, तिथे हा प्रश्न जवळजवळ मिटतो. पथारीवाल्याने मच्छरदाणी लावायची ती डासांसाठी नाही, यासाठी. आणि कडा चारी बाजूंनी कॅरीमॅटखाली घट्ट खोचायच्या. आमच्यातला एकजण कडा नुसत्या सोडून झोपायचा. एकदा पहाटे त्याच्या बुटातून विंचू निघाला. तेव्हापासून तो बूटसुद्धा मच्छरदाणीच्या आत घेतो.

इतकं सगळं तंबूच्या बाजूने असताना माझा तंबू माळ्यावर का गेला?

दवामुळे.

डिसेंबरात धोम धरणाच्या काठाला, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात आम्ही दोघांनी तंबू लावला होता. आभाळ निरभ्र, वारा नाही, मागे पांडवगड, समोर पाणी. फोटोत असते तशी रात्र. पहाटे पाचला कपाळावर टपकन थेंब पडला. मला वाटलं पाऊस. टॉर्च लावला तर आतून सगळं छत मण्यांनी भरलेलं. बोट लावलं तिथून ओघळ सुटला तो थेट स्लीपिंग बॅगेवर. बाहेर वरच्या कापडावरून तर कोणी बादली ओतल्यासारखं पाणी.

असं का होतं ते पुढे कळलं. निरभ्र रात्री कापड आभाळाकडे उष्णता टाकत टाकत आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडतं. मग बाहेरचं दव त्यावर बसतं आणि आत दोन माणसांच्या श्वासातली वाफ. पाण्याचा काठ आणि दरीचा तळ इथे सगळ्यात वाईट, कारण थंड जड हवा रात्री खाली उतरून तिथेच साचते. म्हणजे तंबूसाठी जी जागा आपल्याला डोळ्यांनी आवडते, नेमकी तीच सगळ्यात ओली. यावर उपाय आहेत आणि मी सगळे केलेत. काठापासून वर सरकायचं, झाडाखाली लावायचं, दोन्ही दारं वरून उघडी ठेवायची. फरक पडतो. माझ्या अंदाजाने पाणी निम्म्यावर येतं. पण निम्मं ओलं म्हणजेही ओलंच.

आता कोणी म्हणेल, सकाळी उन्हात वाळवा. बरोबर आहे, ऊन आलं तर. धोमच्या त्या काठावर हिवाळ्यात डोंगराआडून ऊन यायला साडेआठ होतात. त्यानंतर कापड वाळायला तासभर. तोवर वाईच्या पुढे असायला हवं. म्हणून तंबू ओलाच गुंडाळायचा, पिशवीत कोंबायचा आणि घरी आणायचा.

आणि इथून खरा त्रास सुरू. आमची गॅलरी चार बाय सहा. त्यात वॉशिंग मशिन, तुळस आणि रविवारचे कपडे. तंबूचं वरचं कापड दोरीवर, आतला भाग बेडरूमच्या दारावर, तळ पंख्याखाली खुर्च्यांवर. गवताचे कुसळ सगळ्या घरभर. सोमवारी संध्याकाळी घरातून प्रश्न येतो, "हे गलबत कधी उतरणार आहे?" शिवणी वाळायला दोन दिवस घेतात. एकदा मी घाई केली, वाटलं वाळलाय, गुंडाळून ठेवला. तीन आठवड्यांनी उघडला तर मळकट पावासारखा वास आणि कापडाला आतून लावलेला पाणी अडवणारा थर हाताला चिकट लागायला लागलेला. दमट राहिलं की तो थर असाच आधी चिकटतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. पापुद्रे सुटले की तंबू म्हणजे खुंट्यांवर ताणलेली चाळण.

लावायला सात मिनिटं, वाळवायला दोन दिवस. आधी ठरवून वर्षातून दोनदा जाणाऱ्याला हे काहीच नाही. पण शनिवारी दुपारी ठरवणाऱ्याच्या डोक्यात जेवताना मुक्कामाचा विचार आला, की पाठोपाठ तो गॅलरीतला मंगळवार येतो. "जाऊ दे, पुढच्या शनिवारी," असं मी किती वेळा म्हणालो ते वहीत नाही. गेलो किती वेळा ते आहे. तंबूच्या शेवटच्या वर्षात तीन मुक्काम, पथारीच्या पहिल्या वर्षात अकरा. यात पेट्रोल, तब्येत, लग्नसराई असं सगळं मिसळलेलं असणार, त्यामुळे हा काही पुरावा नव्हे.

पथारीचं सामान दीड किलोच्या आसपास आणि ते कायम गाडीच्या डिकीशेजारी तयार असतं. दवाचा प्रश्न असा, की कौलाखाली, पत्र्याखाली, दगडी सभामंडपात दव तुमच्यापर्यंत पोचत नाही. वर जे काही असतं ते तुमच्याऐवजी आभाळाला तोंड देतं. सकाळी बॅग झटकायची आणि निघायचं.

रायरेश्वरचं सांगतो. वाईकडून चढून केंजळगड आणि रायरेश्वर यांच्यामधल्या खिंडीपर्यंत गाडी जाते, पुढे लोखंडी शिडी, मग ते लांबलचक पठार. शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते ते देऊळ वर आहे आणि जंगमांची वस्ती आहे. आम्ही पोचलो तेव्हा अंधारलं होतं. एका घराच्या ओसरीत आजी चूल पेटवत होत्या.

"आजी, रात्रीपुरतं ओसरीवर पडू का?"

"पडा की. त्यात काय इचारायचं? भाकरी किती टाकू?"

पिठलं, भाकरी, ठेचा. रात्री आजोबा पठारावरच्या वेगवेगळ्या रंगांच्या मातीबद्दल आणि पावसाळ्यात वर दिवसच्या दिवस धुकं हटत नाही त्याबद्दल बोलत बसले. तंबू असता तर आम्ही हजार पावलं लांब, आमच्या चेनच्या आत, आमच्या नूडल्स खात असतो. सकाळी पैसे आम्हीच काढून ठेवले. त्या नको म्हणाल्या तरी ठेवायचे असतात, हे वेगळं सांगायला नको.

पथारीचे त्रास नाहीत असं नाही. सप्ताह चालू असलेल्या देवळात एकदा जाऊन बघा. वीणेकऱ्याच्या पाळ्या रात्रभर बदलतात, पहाटे काकड्याला कर्णा तुमच्या उशीवर आणि पारायणाला आलेले काका तुम्हाला उठवून चहा पाजणारच. झोपेचं खोबरं होतं, चहा मात्र उत्तम. उंदीर पिशवी कुरतडतात, खाणं खुंटीला टांगावं लागतं. गुहेत लेंड्यांचा वास असतो, कपड्यांतून आठवडाभर जात नाही. शिवाय आपण पाहुणे आहोत याचं ओझं असतं. पिण्याचं नाव काढायचं नाही, गुरवाला आधी विचारायचं, सकाळी झाडून निघायचं. शाळेच्या व्हरांड्यासाठी सरपंच किंवा शिक्षक यांपैकी कोणाला तरी फोन हवा. ज्यांना माणसांपासून लांब जायला म्हणूनच बाहेर पडायचं असतं, त्यांना हे सगळं नको वाटेल आणि त्यांचं काही चुकत नाही.

तेव्हा कुटुंब बरोबर असेल, घराला गच्ची किंवा अंगण असेल, वर्षातून दोन-तीनदाच जाणार असाल, तर तंबू घ्या आणि माझं फार ऐकू नका. पावसाळ्यासाठी मात्र घेऊ नका. आमच्याकडच्या जुलैत तो आत-बाहेर दोन्हीकडून ओला होतो आणि गॅलरीत श्रावण संपेपर्यंत वाळत नाही. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल, एकटे किंवा मित्राबरोबर जात असाल, मनात आलं की निघायची खोड असेल, तर आधी हजार-दोन हजारांत मॅट आणि मच्छरदाणी घेऊन चार शनिवार काढून बघा. तंबू काय, नंतरही घेता येतो.

माझा अजून माळ्यावर आहे. मागच्या महिन्यात भाचा मागून घेऊन गेला. म्हटलं, ने, एकच अट, वाळवून आणून द्यायचा. रविवारी रात्री नऊला बेल वाजली. दारात तो, हातात व्यवस्थित गुंडाळलेली पिशवी. "मामा, एकदम झकास झाला मुक्काम." पिशवीच्या खालच्या कोपऱ्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं.