व्हॉइस रेकॉर्डिंग की रिप्ले डेटा? डोटा २ मधलं टीम कम्युनिकेशन

डोटा २ या पाच-पाच जणांच्या ऑनलाइन गेममध्ये टीम एकमेकांशी कशी बोलते यावर प्रोजेक्ट करतोयस, आणि खेळाडूंचं बोलणं रेकॉर्ड करायचं की मॅचची रिप्ले (गेमने साठवलेली मॅचची नोंद) वापरायची यावर अडकला असशील तर हे वाच.

खर्च दोन्हीकडे जवळपास शून्यच. डिस्कॉर्ड या व्हॉइस चॅट अ‍ॅपवर क्रेग नावाचा बॉट लावला की प्रत्येक खेळाडूचा वेगळा ट्रॅक मिळतो, आणि रिप्ले ओपनडोटा या साइटवर फुकटात पार्स होतात, म्हणजे त्यातला डेटा सुटा करून मिळतो.

खरा फरक मेहनतीत आहे. चाळीस मिनिटांची मॅच म्हणजे पाच जणांचे मिळून २०० मिनिटांचे ट्रॅक, त्यात बरीच शांतता असते हे मान्य, पण उरलेलं "अरे मिड मिस, मागे ये ना, स्मोक असणार" असलं मराठी-हिंदी-इंग्लिश मिक्स, एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं, वर कुणाचा तरी पंखा, ऑटो ट्रान्सक्रिप्शन इथे हमखास गंडतं आणि शेवटी हाताने उतरवायला बसावं लागतं. रिप्लेमधून मात्र पिंग (मॅपवर मारलेली खूण), चॅट व्हील (तयार मेसेज), ऑल चॅट (दोन्ही टीमना दिसणारं चॅट) टाइमस्टॅम्पसकट आयतं मिळतं, शेकडो मॅचेस एका स्क्रिप्टमध्ये.

पण मिळतं काय? पिंग कधी पडला ते कळतं, वैतागून मारला की सावध करायला ते नाही. टोन, टोमणे, कोण कोणाचं ऐकतं हे सगळं आवाजातच.

परवानगीचं बघ: रेकॉर्डिंगला पाचही जणांचा होकार हवा, अठराच्या खालचा असेल तर पालकांचाही. रिप्लेतही आयडी झाकायचेच.

तर पॅटर्न मोजायचे असतील, अनोळखी टीम्स हव्या असतील तर रिप्ले. ओळखीची एखादी टीम घेऊन निर्णय कसे होतात ते बघायचं असेल तर व्हॉइस, पण मोजक्याच मॅचेस घे.