डॉल्बी सीपी७५०: तालुक्याच्या टॉकीजने जुना घ्यावा का?

टॉकीज आडवळणाच्या गावात असेल तर आवाज बिघडल्यावर इंजिनियर लवकर आला तर उद्या. म्हणून इथे साउंड प्रोसेसर (सर्व्हरकडून, म्हणजे सिनेमा चालवणाऱ्या संगणकाकडून, आवाज घेऊन तो ॲम्पकडे पाठवणारी पेटी) निवडताना तो कसा वाजतो याच्याआधी बघायचं ते हे, की बिघाड कुठे आहे हे तो किती पटकन सांगू देतो. या कसोटीला डॉल्बीचा सीपी७५० हा प्रोसेसर आजही उतरतो. त्याच्यानंतरचा सीपी९५० आल्यापासून मोठ्या थिएटरांतून निघालेले जुने नग मिळतात.

आठ चॅनलचे २५ पिनी डिजिटल इनपुट, शिवाय ॲनालॉग, नॉन-सिंक (सिनेमाखेरीज बाहेरच्या आवाजासाठी) आणि माइक, ५.१ आणि ७.१ (सहा आणि आठ चॅनलचा आवाज) दोन्ही चालतं. ३५ मिमीची प्रिंट अजून लावत असाल तर मात्र आधीचा सीपी६५० प्रोसेसर काढू नका, कारण फिल्मवरचा ध्वनिपट सीपी७५० थेट वाचत नाही.

सीपी७५० ची खरी किंमत आहे ती आतल्या पिंक नॉइजमध्ये, म्हणजे चाचणीसाठी तो स्वतःच काढतो त्या खरखरीत. लॅपटॉप लॅनने जोडायचा, सेटअप सॉफ्टवेअर उघडायचं आणि एकेका चॅनलला नॉइज सोडायचा. सगळे चॅनल नीट वाजले तर प्रोसेसरच्या पुढचं सगळं ठीक, बिघाड सर्व्हरच्या बाजूला. एखादा वाजला नाही तर ॲम्प, वायर किंवा स्पीकर पाहायचा. क्वचित प्रोसेसरचं आउटपुटच गेलेलं असतं. केबिनमध्ये इंटरनेट असेल तर हेच काम इंजिनियर पुण्यात बसून करू शकतो, ऑपरेटरने फक्त हॉलमध्ये उभं राहून फोनवर सांगायचं.

लॅपटॉप नसला तरी काय गेलंय यावरून पुष्कळ कळतं. सर्व्हरकडून प्रोसेसरकडे डिजिटल आवाज नेणाऱ्या एईएस केबलमध्ये तारांच्या एका जोडीतून दोन चॅनल जातात: लेफ्ट-राइट, सेंटर-सबवूफर, दोन सराउंड. म्हणजे संवाद आणि सब एकाच वेळी गायब झाले तर ॲम्पकडे धावायचं कारण नाही. सर्व्हरमागचा आरजे-४५ प्लग बघा. त्याची क्लिप तुटलेली असते आणि प्लग अर्धवट बाहेर आलेला असतो. फक्त सेंटर गेला, सब मात्र चालू आहे, तर ॲम्पचा प्रोटेक्ट दिवा पाहून थेट पडद्यामागे. तिथे उंदरांनी कुरतडलेली वायर ही नेहमीची गोष्ट.

संवाद येतात पण गोधडीतून बोलल्यासारखे? बाय-ॲम्प जोडणीत (बास आणि हॉर्नला वेगळे ॲम्प) हॉर्नचा, म्हणजे वरच्या सुरांच्या भोंग्याचा, ॲम्प किंवा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) गेलेला असतो. ॲम्प बंद करा, ड्रायव्हरच्या वायरी सोडवा, मल्टिमीटर ओहमवर लावा. ८ ओहमच्या ड्रायव्हरला साधारण ५.५ ते ६.५ दिसायला हवं. काहीच दिसत नसेल तर डायफ्राम गेला. लेफ्टचा ॲम्प सेंटरला लावून पाहायचा असेल तर हॉर्नचा हॉर्नलाच लावा. बासचा सिग्नल हॉर्नला गेला की चांगला ड्रायव्हरही जातो.

हम (सततची घूं-घूं) येत असेल तर ॲम्पचे इनपुट एकेक काढत जा. इनपुट काढल्यावर हम थांबला तर दोष ॲम्पच्या अलीकडे, बहुधा दोन उपकरणांच्या वेगवेगळ्या अर्थिंगमध्ये. क्रिकेटची मॅच दाखवायला नॉन-सिंकला जोडून ठेवलेला सेट-टॉप बॉक्स हा पहिला संशयित. प्लगची अर्थ पिन मोडून हम घालवणारे कारागीर गावोगाव आहेत. तसं कुणालाही करू देऊ नका, त्यात जीव जाऊ शकतो.

‘बिघाड’ म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात बिघाडच नसतात. जाहिराती संपल्यावर इनपुट बदललेलंच नसतं, किंवा फेडर (प्रोसेसरची आवाजाची खुंटी) ४.५ वर ठेवलेला असतो. तो ७ वर असताना पडद्यामागच्या प्रत्येक चॅनलला ८५ डीबी आणि ५.१ मध्ये प्रत्येक सराउंडला ८२ डीबी (आवाज मोजायचं मीटर ‘सी’ वेटिंगवर ठेवून) मिळायला हवेत. ७ वर कान फाटत असतील तर हॉलचं ट्यूनिंग करून घ्या.

खोट सांगायची तर ही: समोर बटणं आणि आवाजाची खुंटी आहे, पण इक्वलायझर किंवा लेव्हलला हात लावायचा तर लॅपटॉपच लागतो, आणि गावातल्या टॉकीजमध्ये तो नेमका मालकाच्या मुलाकडे असतो. सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हवर केबिनमध्येच ठेवा, सोबत एक तयार एईएस केबल, फ्यूज आणि मल्टिमीटर. प्रोसेसर आणि सर्व्हर ऑनलाइन यूपीएसवर हवेत.

जुन्या नगात आधीच्या हॉलचं ट्यूनिंग तसंच असतं. ते वापरू नका. माइक आणि ॲनालायझर आणून तुमच्या हॉलसाठी नव्याने करून घ्या (२ किलोहर्ट्झपर्यंत सपाट, पुढे दर ऑक्टेव्हला, म्हणजे वारंवारता दुप्पट होताना, ३ डीबी उतार) आणि तो खर्च आधीच किमतीत धरा. विकणाऱ्याने आठही आउटपुटवर पिंक नॉइज वाजवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.