‘घाणा’ नेमका कशाचा? जुन्या इमारतीच्या पाहणीचा अनुभव

दौंड तालुक्यातील आमच्या शेतावर दगडी भिंतींची, धुराडे असलेली एक जुनी इमारत आहे. गावात तिला ‘घाण्याची इमारत’ म्हणतात, आणि घाणा म्हणजे तेलाचाच, असे आम्ही तीन पिढ्या धरून चाललो होतो. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तिचा मूळ उपयोग कळावा, म्हणून पुण्यातील एका वास्तुसंवर्धन सल्लागार संस्थेकडून पाहणी करून घेतली.

आलेल्या दोघांनी आमची समजूत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, की तेल काढायला विस्तव लागत नाही, मग धुराडे कशासाठी? हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. धुराड्याकडे जाणारा, मातीने बुजलेला लांबट खड्डा त्यांनी हलक्या हाताने मोकळा करवून घेतला, तेव्हा आतल्या विटांवर उष्णतेने काचेसारखा थर चढलेला दिसला. ते गुऱ्हाळाचे चुलवाण, म्हणजे उसाचा रस आटवण्याची मोठी चूल होती. त्याचे तोंड भिंतीबाहेर काढलेले आहे, कारण जळव्या, म्हणजे जाळ घालणारा माणूस, उसाची चिपाडे बाहेरून सारत असे आणि त्यामुळे राख काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या, रसापासून दूर राहत असे. अंगणातून भिंतीच्या आत येणारी दगडी पन्हळ चरकाचा रस आणणारी, तर पलीकडचा उथळ चौकोनी वाफा गूळ निववण्याचा, हेही मग उलगडत गेले. उसाच्या चरकालाही घाणाच म्हणत, असे गावातील एका वृद्ध गुळव्याने, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराने, सांगितले, तेव्हा नावाचाही उलगडा झाला. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या या पट्ट्यात राहून आम्हाला गुऱ्हाळ सुचू नये, याचे वाईट वाटते.

कोपऱ्यातील इंजिन बसवण्याचा चार बोल्टांचा चौथरा मात्र त्यांनी मूळ बांधकामात धरला नाही. भिंती चुन्यातल्या आणि चौथरा सिमेंटचा, म्हणजे इंजिन नंतर आले, एवढेच त्यांनी लिहिले. इमारतीचे वर्ष सांगा, असा आग्रह मी धरला, तरी पुराव्याविना आकडा देण्यास त्यांनी नकार दिला, आणि मला या सेवेत सर्वांत मोलाचा वाटला तो हाच काटेकोरपणा.

अहवाल ठरल्यापेक्षा ५ आठवडे उशिरा मिळाला, आणि चुन्याच्या तपासणीचे पैसे वेगळे पडतील हे आधी सांगितले गेले नाही. या दोन गोष्टी त्यांनी सुधारायला हव्यात. नकाशे मात्र आमच्या गवंड्याला एका वाचनात समजतील इतके स्वच्छ आहेत. चुलवाणाचा तो खड्डा भरून वर फरशी घालण्याचा आमचा बेत आम्ही रद्द केला आहे.