वंशावळीची साइट, वर्षभराच्या वापरानंतर: प्रत्येक क्रोएशियन माणूस ऑस्ट्रियाचा कसा होतो?

गेल्या आठवड्यात कार्डावरून पैसे कापल्याचा मेसेज आला. सदस्यत्वाचं पुढचं वर्ष परस्पर सुरू, तेही वाढीव दराने. कस्टमर केअरशी बरीच मेलामेली झाल्यावर निम्मे पैसे परत मिळाले, बाकीचे ‘वापर सुरू झाला’ म्हणून गेले ते गेलेच. त्या संतापात हे लिहायला बसलोय. पण संताप निव्वळ पैशांचा नाही.

आमच्या सुनेचं आजोळ रोझलिनचं. सिॲटलहून स्नोक्वालमी घाट ओलांडला की दीडेक तासात लागणारं वॉशिंग्टन राज्यातलं हे कोळशाचं गाव. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने इंजिनांना कोळसा हवा म्हणून १८८६ मध्ये इथे खाणी सुरू केल्या, शेवटची बंद झाली १९६३ मध्ये. सुनेचे पणजोबा क्रोएशियातून येऊन या खाणीत उतरले, एवढंच घरात माहीत. गाव कुठलं, हे कुणालाच ठाऊक नाही. विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, “माझ्याच आजोबांचं गाव मला सांगता येत नाही, तर हिला काय सांगू?” ते मनाला फार लागलं. मी निवृत्त माणूस, वेळ आहे, म्हणून सदस्यत्व घेतलं.

साइट कशी चालते ते थोडक्यात: पूर्वजाचं नाव टाकलं की ती जनगणना, जहाजांच्या याद्या अशा जुन्या नोंदी शोधून देते आणि संभाव्य नातेवाईक सुचवते. आता थेट दुखण्यावर येतो: ‘जन्मस्थळ’ हा रकाना.

१९१८ पर्यंत क्रोएशिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. किनाऱ्यावरचा डाल्मेशिया व्हिएन्नाच्या अमलाखाली, तर आतला क्रोएशिया-स्लाव्होनिया हंगेरीच्या मुकुटाखाली. त्यामुळे एकाच माणसाच्या जहाजाच्या यादीत ‘हंगेरी’, १९१० च्या जनगणनेत ‘ऑस्ट्रिया’ आणि १९२० मध्ये, साम्राज्य मोडून नवा देश झाल्यावर, ‘युगोस्लाव्हिया’ असं सापडतं. त्या कारकुनांना मी दोष देत नाही. त्यांनी त्या काळाप्रमाणे लिहिलं. पण ही साइट तो ‘ऑस्ट्रिया’ उचलते, आजच्या नकाशावरच्या ऑस्ट्रियावर टाचणी मारते आणि त्यावरून नातेवाईक सुचवायला लागते. महिनोन् महिने मला व्हिएन्ना आणि ग्राझची माणसं येत राहिली. नाकारावीत तर दुसऱ्या दिवशी नवी हजर. हे बंद करायची सोयच नाही. तक्रार केली, तर ‘ठिकाणं प्रमाणित केल्याने शोध सुलभ होतो’ असं ठरावीक उत्तर आलं. कुणाचा शोध सुलभ होतो?

सगळ्यात वाईट गोष्ट मूळ पान उघडल्यावर कळली. १९१० च्या जनगणनेत देशाबरोबर मातृभाषाही लिहायची होती. रोझलिनच्या त्या पानावर, एका खाणकामगाराच्या घरी राहणाऱ्या भाडेकरूंच्या ओळींमध्ये, आमच्या माणसाच्या नावापुढे बारीक तिरक्या अक्षरात स्पष्ट लिहिलंय: ‘ऑस्ट. – क्रोएशियन’. इंडेक्स करणाऱ्याने, म्हणजे मूळ पान वाचून शोधासाठीची यादी बनवणाऱ्याने, पुढचा अर्धा भाग गाळला आणि नुसतं ‘ऑस्ट्रिया’ ठेवलं. मोजणीदाराने घरोघरी जाऊन, खाणीतून दमून आलेल्या माणसांना विचारून जे टिपलं, ते शंभर वर्षांनी पैसे घेऊन माहिती विकणाऱ्यांनी फेकून दिलं. म्हणून पहिला सल्ला: इंडेक्सवर विसंबू नका, मूळ पान उघडा.

सहा महिन्यांनंतर माझं मत थोडं बदललं, तेही सांगायला हवं. आडनावाची पहिली तीन अक्षरं, पुढे तारांकन (*, म्हणजे बाकीची अक्षरं कुठलीही चालतील) आणि सोबत रोझलिनचा जिल्हा किटिटास काउंटी, असा शोध घेतला तेव्हा पहिल्या महायुद्धाचं सैन्यनोंदणीचं कार्ड सापडलं. ५ जून १९१७ च्या नोंदणीत २१ ते ३० वयाच्या पुरुषांना जन्माचं गाव विचारलं होतं. कार्डावर धंदा कोळसा खाण आणि गाव ‘डेलनिट्झ’. म्हणजे देलनित्से, रियेका बंदराच्या वरच्या डोंगराळ गोर्स्की कोतारमधलं! रोझलिनचे बरेच क्रोएशियन याच मुलुखातले. तिथले लोक बंदराच्या रस्त्यावर मालाच्या गाड्या हाकून पोट भरायचे. १८७३ मध्ये रियेकाला रेल्वे पोचली आणि तो धंदा बसला. एका रेल्वेने पोटावर पाय दिला आणि पुढची पिढी दुसऱ्या रेल्वेचा कोळसा खणायला आली. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. विहीणबाईंना फोन केला, त्या कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत.

त्या दिवशी मी साइटला मनातून पाच तारे दिले होते. पण मग कळलं की हीच कार्डं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या दुसऱ्या साइटवर फुकट आहेत. एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरात उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या, जहाजांच्या याद्याही फुकट. १९५० ची जनगणना तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०२२ मध्ये सगळ्यांना खुली केली. वॉशिंग्टन राज्याच्या डिजिटल अर्काइव्हमध्ये लग्न-मृत्यूच्या आणि नागरिकत्वाच्या नोंदी आहेत, त्यालाही पैसा पडत नाही. नागरिकत्वाचा अर्ज सप्टेंबर १९०६ नंतरचा असेल तर जरूर काढा, त्यात जन्मगाव असतं.

पुढचं खरं काम चर्चच्या वह्यांत आहे, आणि तिथे ही साइट काहीच कामाची नाही. क्रोएशियातल्या चर्चच्या पुष्कळ वह्यांचे फोटो फॅमिलीसर्चवर आहेत, पण बऱ्याचशा नोंदींना इंडेक्स नाही. पान पान उलटावं लागतं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत कूळ शोधतात, तशीच चिकाटी लागते. नावं कधी लॅटिनमध्ये: इव्हानचा योआनेस, युरायचा गेओर्गियुस. एका गावात एकाच आडनावाची अनेक घरं, म्हणून घर क्रमांकाचा रकाना सोडू नका. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू या तिन्ही नोंदींत तोच क्रमांक दिसला, तर कुटुंब एकच असण्याची शक्यता बळावते.

आणि रोझलिनला स्वतः जा. तिथे एकमेकांना लागून पंचवीस दफनभूमी आहेत, जातीजमातींच्या आणि भ्रातृमंडळांच्या वेगवेगळ्या. १० मे १८९२ च्या स्फोटात याच गावचे ४५ कामगार गेले. अशा धंद्यात आजारपणाला आणि अंत्यविधीला मदत करायची ती ही मंडळं. क्रोएशियनांची मोठी संघटना १८९४ मध्ये पिट्सबर्ग परिसरात सुरू झाली, ती आजही आहे. घरात मंडळाचा जुना विम्याचा कागद असेल तर रद्दीत टाकू नका, गावाचं नाव त्यावरही मिळू शकतं.

माझ्याकडून पाचपैकी दोन तारे. एक तारांकनाच्या शोधासाठी, एक फोटोंच्या स्पष्टपणासाठी. घ्यायचंच असेल तर आधी फुकटचं सगळं पालथं घाला, मग एकाच महिन्याचं घ्या आणि त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करा. ते बटण खात्याच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी आहे.